खेकडे वाढले, की ओहोटी मोठी होती?

प्रश्न थोडक्यात असा. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांनी गोव्यातल्या झुआरी नदीच्या काठच्या एका चिखलपट्टीवर फिडलर खेकडे मोजले. फिडलर म्हणजे ज्याच्या नराची एक नांगी अंगापेक्षा मोठी दिसते आणि जो ती सारखी हलवत असतो, तो बारका कुर्ला. डिसेंबरात एक चौरस मीटरच्या दहा चौकटी घेतल्या, सरासरी १२ आली. मार्चमध्ये त्याच पट्टीवर पुन्हा दहा चौकटी, सरासरी ३१. त्यावरून त्यांनी वाढीचा दर काढला, महिन्याला ०.३१६. आता त्यांना विचारायचंय की ही वाढ घातांकी (त्याच दराने फुगत जाणारी) म्हणायची की लॉजिस्टिक (जागा भरत आली की मंदावणारी), आणि ‘के’ म्हणजे धारणक्षमता, त्या जागेत जास्तीत जास्त किती खेकडे मावतील तो आकडा, कशी काढायची. प्रकल्प तीन आठवड्यांत द्यायचा आहे. सोबत वहीच्या पानांचे फोटो पाठवलेत. ते पाठवले हे बरं केलंत, कारण उत्तर त्या पानांच्या कोपऱ्यात आहे.

आधी सरळ उत्तर: कुठलीच वाढ म्हणू नका. तुमच्या आकड्यांत वाढ दिसत नाही, मोजणीतला फरक दिसतो.

गणित तुम्ही बरोबर केलंय. ३१ भागिले १२, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम, भागिले तीन महिने, ०.३१६ येतात. पण दर काढल्यावर तो पुढे चालवून बघायची सवय लावा. या दराने वर्षात खेकडे ४४ पट होतात. दोन वर्षांनी एका चौरस मीटरमध्ये वीस हजारांच्या वर. खेकड्यावर खेकडा रचला तरी मावणार नाहीत. असा दर आला की ‘आता के काढूया’ म्हणायच्या आधी ‘आपण नक्की मोजलं काय?’ हे विचारायचं.

आता वहीचा कोपरा. पहिल्या पानावर वेळ आहे सकाळी ११.४५, दुसऱ्यावर संध्याकाळी ५.१०. तारखा मी पंचांगात बघितल्या. डिसेंबरातली अष्टमी होती, मार्चमधली पौर्णिमा. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कुणाही रापणकाराला एवढं सांगितलं तर तो पुढचं ऐकणारच नाही, हसेल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा जुना ढोबळ हिशेब. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास सुकती, म्हणजे पुरी ओहोटी. पौर्णिमेची सव्वाअकरा, म्हणजे सुकती सव्वापाचला. तुम्ही दोन्ही वेळा सुकतीलाच गेलात, तेवढं चोख. पण अष्टमीला भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. पौर्णिमेला उधाण, पाणी पार खाली जातं. डिसेंबरात तुमच्यासमोर तिवरांच्या मुळांलगतचा वरचा पट्टा उघडा होता. मार्चमध्ये मधला आणि खालचाही उघडा पडला. चौकटी त्याच चिखलपट्टीवर टाकल्यात हे खरं, पण ती ‘तीच’ पट्टी नव्हती.

वेळेचाही भाग आहे. भर दुपारच्या उन्हात उघडा चिखल तापतो आणि खेकडे बिळात राहणं पसंत करतात. संध्याकाळी उन्हं कलली की बाहेर येऊन चिखल चाळत बसतात. शिवाय तुम्ही चौघं. फिडलरचे डोळे दांड्यांवर असतात आणि उभी हलणारी आकृती त्याला लांबून कळते. चौघं चिखल तुडवत चौकटीपाशी पोचेपर्यंत निम्मे खेकडे आत गेलेले असतात. म्हणून चौकट ठेवायची, चार-पाच मीटर मागे यायचं, बुडाखाली पाट किंवा तेलाचा रिकामा डबा घेऊन दहा मिनिटं गप्प बसायचं आणि मग दुर्बिणीतून मोजायचं. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग एक डोळा, मग एक पाय, आणि बघता बघता चौकट भरते. विद्यार्थ्यांना मी हे हमखास करायला लावतो. तिसऱ्या मिनिटाची आणि दहाव्या मिनिटाची संख्या वेगळी लिहून घेतली की सरांनी काही शिकवायची गरज राहत नाही.

जे दिसतं ते मोजणं आणि जे आहे ते मोजणं, यात हे अंतर असतं. ते भरून काढायचा एक मार्ग म्हणजे बिळं मोजणं, कारण बीळ पळून जात नाही. पण प्रत्येक बिळात खेकडा असतोच असं नाही, काही रिकामी असतात, काही दुसऱ्याच कुणाची. तेव्हा तीन-चार छोट्या चौकटींत आधी बिळं मोजा, मग हाताने हळूहळू फूटभर खणून आतले खेकडे मोजा आणि परत सोडा. समजा ४० बिळांत २६ खेकडे मिळाले, तर दर बिळामागे ०.६५ हा तुमचा गुणक. बाकी सगळीकडे फक्त बिळं मोजून या गुणकाने गुणायचं. खणायचं मात्र थोड्याच जागी, सगळी पट्टी उकरून ठेवू नका. आणि चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यासारख्या संरक्षित जागेत वनखात्याच्या परवानगीशिवाय चौकटसुद्धा टाकू नका.

आता आकड्यांकडे. डिसेंबरच्या पानावरचे तुमचे दहा आकडे असे: ०, ०, ३, ४१, ०, ७, ५२, १, ०, १६. बेरीज १२०, सरासरी १२. अहवालात तुम्ही फक्त १२ लिहिलंत आणि बाकी नऊ ओळींची माहिती फेकून दिलीत. ह्या दहा आकड्यांकडे नुसतं डोळे बारीक करून बघा. एकाही चौकटीत बाराच्या आसपास खेकडे नाहीत. जवळात जवळचे ७ आणि १६. एक तर शून्य किंवा खूप. १२ हा आकडा त्या चिखलात कुठेच राहत नाही.

प्रसरण (व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत याचं माप) काढलं तर ३६२ येतं, म्हणजे सरासरीच्या तीस पट. खेकडे पावसाच्या थेंबांसारखे कसेही विखुरलेले असते तर प्रसरण आणि सरासरी साधारण सारखे आले असते. एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून बसले असते तर प्रसरण सरासरीहून कमी. तीस पट म्हणजे ते पुंजक्यांनी आहेत. प्रसरणाचं वर्गमूळ म्हणजे प्रमाण विचलन १९, त्याला दहाच्या वर्गमुळाने भागलं की सरासरीची प्रमाण त्रुटी ६, म्हणजे सरासरी साधारण किती चुकू शकते तो आकडा. दहा नमुन्यांसाठी ९५ टक्क्यांचा पल्ला, म्हणजे खरी सरासरी बहुधा ज्यात असेल तो, काढायला तिला २.२६ ने गुणायचं, म्हणजे १२ अधिक-उणे १३.६. खालचं टोक उणे दीड खेकडा! उणे खेकडे नसतात, तेव्हा हा पल्ला पुंजक्यांच्या आकड्यांना नीट बसत नाही हे खरं. पण त्याहून महत्त्वाचं, दहा चौकटींनी तुम्हाला जवळपास काहीच सांगितलेलं नाही. मार्चची प्रमाण त्रुटी तुमच्या पानावरून ८ येते. दोन सरासऱ्यांतला फरक १९ आणि त्या फरकाची त्रुटी १० (६ आणि ८ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ). एकोणिसाला दहाने भागून १.९. फरक खरा आहे असं म्हणायला इथे २.१ च्या वर जावं लागतं. म्हणजे ओहोटीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, ‘खेकडे वाढले’ हे विधान नुसत्या आकडेशास्त्रानेही टिकत नाही.

मग किती चौकटी घ्यायच्या? सरासरीच्या वीस टक्के इकडे-तिकडे एवढी खात्री हवी असेल, तर अशाच विखुरलेपणात सुमारे २५० चौकटी लागतील. एका सुकतीत ते होत नाही, चार जणांत तर नाहीच. मेहनत वाढवण्याआधी म्हणून डोकं चालवायचं. पट्टीचे पट्टे करा: तिवरांलगतचा वरचा, मधला, पाण्यालगतचा खालचा. प्रत्येक पट्ट्यात वेगळ्या चौकटी टाका, त्याही मीटरभराच्या नकोत, अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या आणि संख्येने जास्त. पट्ट्याच्या आतला फरक कमी असतो म्हणून तेवढ्याच कष्टांत उत्तर घट्ट येतं.

मात्र शेवटी तिन्ही पट्ट्यांची सरळ सरासरी काढू नका. ही चूक मी एमएस्सीच्या प्रबंधातसुद्धा बघितली आहे. समजा वरचा पट्टा क्षेत्रफळाच्या ५० टक्के आहे आणि तिथे चौरस मीटरला २ खेकडे, मधला १५ टक्के आणि तिथे ४०, खालचा ३५ टक्के आणि तिथे ६. सरळ सरासरी १६. पण प्रत्येक पट्ट्याला त्याच्या क्षेत्रफळाचं वजन दिलं की १ अधिक ६ अधिक २.१, म्हणजे ९.१. पावणेदोन पटीचा फरक, आणि एकही खेकडा इकडचा तिकडे झालेला नाही. पट्ट्यांची रुंदी मोजायला तिवरांपासून पाण्यापर्यंत काटकोनात सुंभ ताणा, दर दोन मीटरला गाठ मारा. ट्रान्सेक्ट म्हणून पुस्तकात जे देतात ते हेच.

चौकट कुठे ठेवायची हे आधी घरी ठरवा, यादृच्छिक आकड्यांनी. फोनमध्ये निघतात. पाठमोरं उभं राहून खांद्यावरून फेकायची पद्धत अजून शिकवली जाते, तिने माझं डोकं उठतं. फेकणारा कधीच खोल चिखलाकडे फेकत नाही, कारण ती आणायला त्यालाच जायचं असतं.

खूण करून सोडायचं आणि पुन्हा पकडायचं, ही दुसरी पद्धत तुम्ही विचारली आहे म्हणून सांगतो. तिचा विचार सोपा आहे. डेन्मार्कच्या पीटरसनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माशांवर ती वापरली, अमेरिकेत लिंकनने १९३० मध्ये रानबदकांवर, म्हणून दोघांचं नाव. पहिल्या दिवशी ६० खेकडे पकडून खूण केली आणि सोडले. दुसऱ्या खेपेला ५० पकडले, त्यांत ६ खुणेचे निघाले. पन्नासात सहा, तर साठ कितीत? ६० गुणिले ५० भागिले ६, म्हणजे ५००. आकडे लहान असले की हे उत्तर थोडं फुगतं, म्हणून चॅपमनची दुरुस्ती: तिन्ही आकड्यांत एकेक मिळवायचा, तेच गणित करायचं आणि शेवटी एक वजा. ६१ गुणिले ५१ भागिले ७, वजा १, म्हणजे ४४३. खुणेचे पुन्हा सापडलेले सात-आठपेक्षा कमी असतील तर उत्तरावर फार विसंबू नका.

ही पद्धत ज्या गृहीतकांवर उभी आहे ती प्रत्येक पुस्तकात असतात: मधल्या काळात कुणी आलं-गेलं नाही, कुणी जन्मलं-मेलं नाही, सगळे पकडले जाण्याची शक्यता सारखी, आणि खूण टिकली. आम्हीही ती पाठ केली होती. मी विद्यार्थी असताना मांडवीच्या काठी ८० खेकड्यांवर लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेली बाटली, सगळ्यांत स्वस्त. मग मधे परीक्षा आली, आणि पुन्हा पकडायला गेलो ते सोळा दिवसांनी. ७५ सापडले, त्यांत ठिपक्याचे दोन. उत्तर आलं ३०००. त्याच तुकड्यात बिळांवरून माझा अंदाज सहाशेचा होता. मी दोन दिवस खूश होतो, केवढी मोठी संख्या शोधली म्हणून. तिसऱ्या दिवशी बिळांच्या तोंडाशी एक रिकामं कवच मिळालं, पाठीवर लाल ठिपका. खेकडा कात टाकून आत बसलेला, आणि माझी खूण बाहेर पडलेली. बाकीच्यांचं काय झालं असेल ते नंतर कळलं: ओल्या कवचावर लावलेलं पॉलिश बिळात घासून निघत होतं. काही ठिपकेवाले बगळ्यांनीही उचलले असतील, लाल रंग काय त्यांना दिसत नाही?

खुणा हरवल्या की खाली भागायला येणारा आकडा लहान होतो आणि उत्तर फुगतं. उलट, आमिषाला चटावलेले तेच तेच प्राणी पिंजऱ्यात येत राहिले तर तो आकडा मोठा होतो आणि उत्तर आकसतं. उत्तर कुठल्या बाजूला कललं असेल हे सांगता आलं पाहिजे. खेकड्यांवर करायचंच असेल तर कवच फडक्याने कोरडं करा, फिकट रंगाचे दोन बारीक ठिपके दोन ठिकाणी लावा, सुकू द्या, आणि दोन-तीन दिवसांतच दुसरी खेप घ्या. एकच ठिपका उरलेले किती मिळाले यावरून खूण हरवण्याचा अंदाजही येतो. वाघाच्या अंगावर पट्टे आयतेच असतात, ते कात टाकत नाहीत. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरे लावून हीच पद्धत वाघांवर वापरली आणि १९९५ मध्ये ते काम छापलं.

आता वाढीकडे. समजा तुमची मोजणी निर्दोष होती आणि खेकडे खरोखरच वाढले. तरीही लॉजिस्टिक समीकरण इथे बसवता येत नाही, आणि कारण खेकड्याच्या आयुष्यात आहे. मादी अंडी पोटाखाली वागवते आणि पिल्लं निघायची वेळ आली की ती उधाणाच्या पाण्यात सोडून देते. ती सुईच्या टोकाएवढी पिल्लं काही आठवडे खाडीत आणि समुद्रात तरंगतात, मग जिथे पाणी नेईल तिथे चिखलात उतरतात. तुमच्या पट्टीवर आज दिसणारा खेकडा तुमच्याच पट्टीवरच्या मादीचा आहे याची काही खात्री नाही. लॉजिस्टिक समीकरण म्हणतं की वाढ सध्याच्या संख्येवर अवलंबून असते, जितके जास्त तितकी पिल्लं जास्त, आणि जागा भरत आली की वेग मंदावतो. इथे पिल्लं पुरवणारी संख्या कुठे आहे तेच माहीत नाही.

गोव्याच्या लोकसंख्येचं घ्या. २००१ च्या जनगणनेत १३,४७,६६८, २०११ च्या जनगणनेत १४,५८,५४५. दहा वर्षांत ८.२३ टक्के. या एका आकड्यात इथे जन्मलेले, इथे वारलेले, कामासाठी आलेले आणि पोर्तुगीज पासपोर्ट काढून गेलेले, सगळे एकत्र आहेत. त्यावरून गोव्यात जन्मदर किती हे सांगता येईल का? पण निदान या दोन आकड्यांची तुलना तरी करता येते, कारण दोन्ही वेळचा क्षण एकच ठरलेला होता, १ मार्च उजाडतानाची मध्यरात्र. तुमच्या दोन आकड्यांत एक अष्टमी आणि एक पौर्णिमा.

लॉजिस्टिक वाढीचा इंग्रजी ‘एस’सारखा वळणारा आलेख स्वतःच्या हातांनी बघायचा असेल, आणि तो बघावाच, तर खेकडे सोडा आणि बादली घ्या. शेतातल्या डबक्यावर हिरव्या टिकल्यांसारखं डकवीड तरंगतं, त्यातल्या दहा टिकल्या उचला. बादलीत शेणाचं पातळ पाणी गाळून घाला, सावलीच्या उजेडात ठेवा, दर दोन दिवसांनी मोजा. इथे कुणी बाहेरून येत नाही, कुणी जात नाही, सगळेच्या सगळे मोजता येतात, नमुन्याची भानगडच नाही. दहाच्या सहा दिवसांत चाळीस झाल्या तर दर दिवसाला ०.२३ आणि दुप्पट व्हायला तीन दिवस. पाण्याचा पृष्ठभाग भरत आला की वेग पडतो. बेल्जियन गणिती फेर्‌हुल्स्टने १८३८ मध्ये जे लॉजिस्टिक समीकरण मांडलं ते तुमच्या घरामागे तीन आठवड्यांत उमटतं. एका बादलीत निम्मंच पाणी आणि निम्मंच खत घाला, बघा ‘के’ कुठे जातो. तो प्राण्याच्या कपाळावर लिहिलेला नसतो, जागेबरोबर आणि खाण्याबरोबर बदलतो.

आणि वक्र नेहमी एवढा शहाण्यासारखा वागतो असंही नाही. अलास्काजवळच्या सेंट मॅथ्यू बेटावर १९४४ मध्ये २९ रेनडिअर सोडले. खायला भरपूर दगडफूल, मारणारं कुणी नाही. १९६३ पर्यंत सुमारे ६००० झाले. दगडफूल हळू वाढतं, ते खाऊन संपलं, त्यात कडक हिवाळा आला, आणि १९६६ मध्ये ४२ उरले. पुस्तकातला वक्र ‘के’पाशी येऊन आडवा होतो, इथे तो ओलांडून कड्यावरून पडला.

प्रकल्पाचं काय करायचं? तीन आठवड्यांत एक अष्टमी आणि एक अमावस्या किंवा पौर्णिमा नक्की मिळते. त्याच पट्टीवर दोन्ही दिवशी जा, तीन पट्टे करून, छोट्या चौकटी, दहा मिनिटं बसून. जास्तीत जास्त पंधरवड्याच्या अंतरात खेकडे काही तिप्पट होत नाहीत, तेव्हा जो फरक येईल तो बहुतांशी ओहोटीचा आणि वेळेचा. मग तुमचे डिसेंबर-मार्चचे आकडे टाकून द्यावे लागणार नाहीत, तेच उदाहरण म्हणून पहिल्या प्रकरणात घाला. नाव बदला: ‘भांग आणि उधाणाच्या ओहोटीचा फिडलर खेकड्यांच्या मोजणीवर होणारा परिणाम’. दहाही आकडे छापा, शून्यांसकट. वही पेन्सिलने लिहा, खाऱ्या पाण्यात शाई राहत नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक ‘के किती आला?’ विचारतील, ते ठरलेलं आहे. काढला नाही म्हणून सांगा, आणि डिसेंबरचं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा.